दोघा भावांचे चार पाय

बारावीला मी जीवशास्त्र घेतलं होतं. एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाले, म्हणजे तो विषय मी दोनदा शिकले. एवढ्या बळावर आमच्या घरात मला डॉक्टर समजायचे. कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, की आई म्हणायची, "तिले इचारा. तिनं बेडूक फाडला हाय." बेडूक मी फाडला नव्हता. माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या मुलीनं फाडला होता, मी नुसत्या टाचण्या धरून तोंड फिरवून उभी होते. पण हे मी घरात कधी सांगितलं नाही, आणि त्याची शिक्षा एका भल्या माणसाच्या पायाला झाली.

आम्ही वडशाला राहायचो. बाजाराच्या रस्त्यावर बाबांचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांना बसायला दोन लांब बाकं. बाबा चौदाव्या वर्षापासून या धंद्यात, म्हणजे चौदाव्या वर्षापासून उभे. सकाळी सातला जे उभे राहायचे ते जेवायलाच काय ते बसायचे. चाळिशीत त्यांच्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दिसायला लागल्या. पन्नाशीपर्यंत त्या करंगळीएवढ्या जाड आणि नागमोडी झाल्या. संध्याकाळी घोटा सुजायचा, पाय शिशासारखा जड व्हायचा आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तर जळल्यासारखी काळी पडली होती.

त्यावर बाबांनी स्वतःच एक इलाज शोधला होता. सोमवारी दुकान बंद असे. त्या दिवशी ते गावाबाहेरच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन दोन-दोन तास नुसते उभे राहायचे. पोहायचे नाहीत, आंघोळ करायचे नाहीत. पाण्यात पाय दुखत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथे जाळं टाकणारा ढिवर शेवटी कंटाळून आमच्या घरी आला आणि आईला म्हणाला, "बाई, भाऊले समजवा. हे खांबासारखे उभे राह्यते अना मासे तिकडं फिरकून नाई राह्यले."

मग नागपूरला एका लग्नाला गेलो असताना आईनं बाबांना तिथल्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पायातून रक्त वर चढवणाऱ्या शिरांमध्ये झडपा असतात, त्या ढिल्या झाल्यात. रक्त वर जातं आणि परत खाली येऊन साचतं. पाण्याचा बाहेरून दाब पडतो, म्हणून तळ्यात बरं वाटतं. आता तळ्याऐवजी घट्ट लवचीक मोजे घाला आणि दुपारी पाय उंच करून पडा. मोजे मांडीपर्यंतचे होते, कातडीच्या रंगाचे, आणि खोक्यावर एका बाईचे उघडे पाय छापलेले होते. आईनं ते खोकं जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. बाबांचा डावाच पाय खराब होता, म्हणून ते डावाच मोजा घालायचे. उजवा तसाच ट्रंकेत पडून होता.

आमच्या घरात तेव्हा मोठेबाबाही राहायचे. मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. तीस वर्षं वनरक्षक होते, तेही पार एटापल्ली-भामरागडकडच्या जंगलात. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी आई, वारली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून सेवानिवृत्तीनंतर आमच्याकडे आले. उंच, ताठ, भरघोस मिशा. त्यांच्या आयुष्यातला अभिमानाचा विषय एकच, चालणं. कुणीही गिऱ्हाईक कुठल्याही गावाचं नाव घेवो, मोठेबाबा बाकावरून म्हणायचे, "थे? थे तं मी सकाळी पायी जाऊन दुपारी जेवाले परत आलो हाय." हे बोलताना ओठात बिडी असायची. कानामागे दुसरी तयार.

ते रोज सकाळी घरून सलूनपर्यंत चालत जायचे, पेपर वाचायचे, गिऱ्हाइकांना जंगल ऐकवायचे. एक वर्ष दिवाळीनंतर त्यांना सलूनला पोचायला उशीर व्हायला लागला. नऊला पोचणारा माणूस साडेनऊला, मग दहाला. बाबांनी विचारलं तर म्हणाले, "लोक भेटते." आणि लोक खरोखरच भेटत होते.

दिवाळी झाली की वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात. रस्त्याच्या कडेनं ओळीनं मोठमोठे रंगीत बोर्ड लागतात, आणि खेड्यापाड्यांतली मंडळं आपल्या गावी नाटक ठरवायला येतात. आमच्या घरापासून सलूनपर्यंत अशी चार ऑफिसं लागायची. मोठेबाबा पहिल्या ऑफिसापर्यंत नीट चालायचे. तिथे त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा यायचा, कुणी ओलं धोतर पिळावं तसं मांस पिळून निघायचं. दोन मिनिटं उभं राहिलं की सगळं शांत. मग दुसऱ्या ऑफिसापर्यंत पुन्हा तेच. आता जो माणूस आयुष्यभर चालण्याच्या गोष्टी सांगत आला, त्यानं रस्त्यात उगीच कसं उभं राहायचं? म्हणून ते बोर्ड वाचायचे. नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, नट्यांची नावं, खालचा फोन नंबर, आणि पोटरी मोकळी झाली नसेल तर पुन्हा वरून.

पंधरा दिवस रोज बोर्ड वाचणारा उंच, मिशाळ म्हातारा पाहून पहिल्या ऑफिसाचा मॅनेजर बाहेर आला.

"या भाऊ, बसा. कोनतं गाव म्हनलं?"

मोठेबाबांनी आपल्या शेवटच्या नेमणुकीच्या गावाचं नाव सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

"मंडळाचं काय ठरलं मंग?"

"इचार करून राह्यलो," मोठेबाबा म्हणाले, आणि खुर्चीत बसले. चहा आला. दुसऱ्या ऑफिसाच्या मॅनेजरनं हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची रस्त्यावरच मांडून ठेवली. तिसऱ्यानं चहासोबत खायला आलुपोंगे ठेवले. महिनाभरात असा समज पसरला की तिकडच्या जंगलातला कुणी बडा पाटील आलाय, आठ गावांचा कारभार त्याच्या हातात आहे, आणि तो कुणाचं नाटक घ्यायचं हे पारखून पाहतोय. चौथ्या कंपनीनं तर त्यांना गाण्याची तालीम ऐकवली. मोठेबाबांनी ऐकली आणि पेटी जरा मोठी वाजते असं मतही दिलं.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस पहिल्या ऑफिसाचा मॅनेजर दाढी करायला नेमका आमच्याच सलूनमध्ये आला. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तोंडाला फेस लावलेला असतानाच तो बाबांना म्हणाला, "मागं बाकावर बसले थे पाटील रोज तुमच्याकडं येते वाटते. जरा आमच्यासाठी शब्द टाका नं, भाऊ. महिना झाला, हो म्हनून नाई राह्यले अना नाई बी म्हनून नाई राह्यले."

बाबांचा वस्तरा हवेतच थांबला. "कोन पाटील?"

आरशात आम्हा तिघांनाही दिसलं, बाकावरचं वर्तमानपत्र हळूहळू वर सरकलं आणि त्यामागे मोठेबाबांच्या मिशाही दिसेनाशा झाल्या.

मॅनेजर गेल्यावर बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं. "दादा, काय भानगड हाय?"

मोठेबाबांनी पेपर खाली घेतला. मग त्याची घडी घालत म्हणाले, "दीडशे पावलं झाले का पोटरी धरते. उभा राह्यलो का सोडते. थो मानूस खुर्ची द्याचा, मी बसाचो. एवढंच."

तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत ज्यानं लाकडाची एक काडी इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो माणूस पाय दुखतो म्हणायची लाज वाटून आठ गावांचा पाटील होऊन बसला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मोठेबाबांनीही पाहिलं. बेडूक फाडलेली मुलगी मीच होते.

तिथे मला एक साधी गोष्ट दिसायला हवी होती. बाबांचा पाय उभं राहून दुखायचा आणि चार पावलं चालले की हलका व्हायचा. मोठेबाबांचा पाय चालून दुखायचा आणि उभं राहिलं की बरा व्हायचा. बाबांचा पाय संध्याकाळी गरम आणि सुजलेला. मोठेबाबांचा थंडगार, वाळलेला, पोटरीवरचे केसही झडलेले. एकाच्या बरोबर उलट दुसरा. पण मी विचार केला, पाय तो पाय, रक्त ते रक्त, आणि दोघं सख्खे भाऊ. मी म्हणाले, "हे बाबांसारखंच आहे. खानदानी दिसते."

मग ट्रंक उघडली. बाबांनी खोकं काढलं आणि म्हणाले, "माहा डावा, दादाचा उजवा. जोडी वाया नाई गेली." मोठेबाबांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मोजा घेऊन मागच्या खोलीत गेले. तो चढवायला त्यांना अर्धा तास लागला. बाहेर आले तेव्हा चेहरा असा, जणू पाय कुणी सापळ्यात धरलाय. पण म्हणाले, "घट्ट हाय. म्हंजे लागू पडन."

आता दुपारी दोन ते चार सलूनचं शटर अर्धं खाली यायचं आणि दोघे भाऊ एकेका बाकावर उताणे पडून पाय भिंतीला वर लावायचे. एकाच्या डाव्या पायात बाईचा मोजा, दुसऱ्याच्या उजव्या पायात बाईचा मोजा. रस्त्यानं जाणारी माणसं शटरखालून वाकून बघायची, तर त्यांना आरशात चार पाय आकाशाकडे गेलेले दिसायचे. बाजारात बोलणं सुरू झालं की न्हाव्याकडे दुपारचा योगाचा वर्ग निघाला. तिसऱ्या दिवशी शाळेतले एक गुरुजी आले. "जागा आहे का?" असं विचारून तेही जमिनीवर पडले आणि पाय वर केले. पाचव्या दिवशी तांदळाचा एक व्यापारी आला. त्याला गॅसचा त्रास होता. बाबा भिडस्त, कुणाला नाही म्हणायचे नाहीत. आठवड्यानं मी डबा घेऊन गेले तेव्हा आत पाच माणसं पाय वर करून पडली होती आणि गुरुजी श्वास मोजत होते.

सगळ्यांना फायदा होत होता. बाबांचा घोटा उतरला. व्यापाऱ्याचा गॅस कमी झाला. फक्त मोठेबाबा दोन तास दुपट्ट्याचं टोक दातांत धरून पडायचे. मी मोजा काढून बघायचे तेव्हा वर केलेलं पाऊल मेणबत्तीसारखं पांढरं दिसायचं. पाय खाली सोडला की थोड्या वेळानं ते लालभडक व्हायचं.

"बघा," मी टाळी वाजवून म्हणायचे, "रक्त आलं!"

"आलं का?" मोठेबाबा घाम पुसत म्हणायचे. "बरं झालं. दुखते मातर लय."

"दुखणारच. मोकळं होतंय न."

हे मी म्हणाले. आजही आठवलं की माझी मान खाली जाते. तो लालपणा भुकेल्या पायाचा होता. पाय खाली लोंबकळला की वजनानं जे काही थोडंफार रक्त खाली उतरायचं, ते धरून ठेवायला नळ्या सताड उघड्या पडायच्या, आणि मी त्याला सुधारणा समजत होते.

पौषात बाबांनी भावाची नखं काढली. हजारो लोकांची नखं काढलेला हात, पण उजव्या पायाच्या करंगळीला जरासं लागलं. थेंबभरही रक्त आलं नाही. बाबा म्हणाले, "पाह्य, लागलंच नाई." पण ती जखम भरली नाही. आठ दिवसांनी बोट निळं पडलं, मग टोकाला काळं. मोठेबाबांनी मोजा घालून ते झाकून ठेवलं, कारण मोजा हे औषध होतं. आईला वास आला तेव्हा कळलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही चौघं ब्रह्मपुरीला गेलो, एका सर्जनकडे. डॉक्टर तरुण होते, आमच्याच भागातल्या धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी मोठेबाबांच्या पायातला मोजा पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "हा घालायला कुणी सांगितला?"

आई माझ्याकडे बोट करून अभिमानानं म्हणाली, "तिनं. तिनं बेडूक फाडला हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मोजा कात्रीनं कापून काढला. बाबांच्या पायात त्याच जोडीतला दुसरा पाहून दोघा भावांना शेजारी शेजारी दोन टेबलांवर झोपवलं आणि पावलाच्या वर, अंगठ्याच्या रेषेत दोन बोटं ठेवून डोळे मिटले. मग मला म्हणाले, "इकडे या. इथे हात ठेवा."

बाबांच्या पावलावर मला बारीक टिकटिक लागली. पायातही नाडी असते हे मला तोवर माहीत नव्हतं; जीवशास्त्र दोनदा शिकूनही. मग मोठेबाबांच्या पावलावर बोटं ठेवली. इकडे सरकवली, तिकडे सरकवली. जमिनीवर पडलेली सुई शोधावी तशी शोधली. तिथे काहीच नव्हतं. थंड कातडी आणि हाड.

"तुमच्याकडं बांधी आहे न?" डॉक्टरांनी विचारलं. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं बंधारलेलं शेत. "समजा, दोन भावांच्या दोन बांध्या. लहान भावाच्या बांधीत पाणी येते, पण निचरा होत नाही. साचून साचून माती सडते. मोठ्या भावाच्या बांधीत तलावाचं पाणी पोचूनच नाही राह्यलं, पाट गाळानं बुजला. आता दोघांचंही धान पिवळं पडलं. तुम्ही काय केलं, दोघांसाठी एकच उपाय केला. बांधी उंच केली अना तोंड आवळलं. लहान्याचं साचलं पाणी निघालं. मोठ्याचं होतं तेही गेलं."

बाबा उठून बसले. "दादा, मी... म्या त नखही..."

"पाट कायनं बुजला, साहेब?" मोठेबाबांनी विचारलं.

"बिडी किती ओढता?"

"मोजल्या नाई. पान आपल्याच जंगलातलं."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मोठेबाबांनी खिशातला बिड्यांचा कट्टा काढून दिला, आगपेटी दिली, कानामागची दिली. आणि तिन्ही वस्तू टेबलावर ठेवून झाल्यावर उभे राहून म्हणाले, "जप्ती लिहून द्या."

डॉक्टरांना वाटलं थट्टा आहे. मोठेबाबा तसेच उभे. शेवटी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या खाली लिहिलं, "बिडी जप्त," आणि सही केली. त्या दिवसानंतर मोठेबाबांनी बिडीला हात लावला नाही. महिनाभर ते घरात कुणाशीही नीट बोलले नाहीत, एकदा तर शेजाऱ्याच्या बकरीशी भांडले, पण बिडी ओढली नाही. जप्त केलेला माल परत घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढे नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात जावं लागलं. तिथे एक पेनासारखं यंत्र पायावर फिरवून आवाज ऐकायचे. बाकीच्या पेशंटच्या पायातून धानाच्या गिरणीसारखा फसफस आवाज यायचा, मोठेबाबांच्या पायातून लांब कुठेतरी वारा सुटल्यासारखा. तिथले डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, बोट नाही. मांडीतली मोठी नळी बुजली आहे, पण आजूबाजूच्या बारीक नळ्या हळूहळू वाट काढतात. त्यांना कामाला लावायचं म्हणजे रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं.

"म्हंजे मी जे करून राह्यलो होतो तेच," मोठेबाबा म्हणाले.

"तेच. फक्त चहा-बिडी नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बाबा औषधं आणायला गेले होते. मी मोठेबाबांच्या कॉटजवळ बसले होते. मला राहवलं नाही. म्हणाले, "मोठेबाबा, मी बेडूक फाडला नाही. दुसरीनं फाडला. मी टाचण्या धरल्या."

त्यांनी छताकडे पाहिलं. पंखा हळू फिरत होता. मग म्हणाले, "मी वाघ पाह्यला नाई."

"म्हणजे?"

"तीस वरसं. एक बी नाई. पायाचे ठसे पाह्यले, लय पाह्यले. लोकाइले सांगतो तीन पाह्यले. एक त समोर बसला होता म्हनतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या मायले नको सांगू."

मी रडत होते आणि हसतही होते. समोरच्या कॉटजवळ बसलेल्या बाईला वाटलं आमचं कुणी गेलं.

दुसऱ्या दिवशी गुंगी उतरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "माल कुठी गेला?" ड्रेसिंग करणाऱ्या भाऊंना समजेना. मोठेबाबा म्हणाले, जंगलात एक फांदी तुटली तरी पंचनामा होतो, हातोड्याचा शिक्का पडतो, आणि इथे माणसाचं बोट काढलं तर कागद नाही? त्यांनी औषध घ्यायला नकार दिला. मग त्या भाऊंनी एका चिठ्ठीवर लिहिलं, "उजव्या पायाची करंगळी, नग एक, निकामी." दोन पंच लागतात म्हणून मी आणि समोरच्या कॉटजवळची बाई पंच झालो. मी सही केली, तिनं अंगठा दिला. त्यानंतर मोठेबाबांनी गोळ्या घेतल्या.

घरी आल्यावर नवीच अडचण. बाबांच्या खाटेचं पायथ्याकडचं टोक उंच हवं, म्हणजे रक्त वर जाईल. मोठेबाबांच्या खाटेचं उशाकडचं टोक उंच हवं, म्हणजे रक्त खाली येईल. चार विटा आणल्या, दोन इकडे, दोन तिकडे. खोली एकच. दोन खाटा समोरासमोर विरुद्ध बाजूंना कललेल्या, आत येणाऱ्याला वाटायचं की जमीनच खचली. सवय नसलेला पाहुणा बसला की हळूहळू घसरत कोपऱ्यात जायचा.

याच खोलीत मला बघायला सावली गावाकडची मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील, चांगले जाडजूड, धानाची शेती असलेले गृहस्थ. बसायला त्या दोन खाटाच होत्या. मुलगा एका बाजूला घसरला, वडील दुसऱ्या बाजूला. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा सगळे आपापला तोल सांभाळत हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते.

मोठेबाबा मुलाच्या वडिलांकडे टक लावून पाहत होते. एकदम म्हणाले, "स्टँडवरून इथवर येताना तुमी तीनदा थांबले."

"थांबलो असन," ते गृहस्थ म्हणाले.

"आमच्या गल्लीत पाहासारखं काईच नाई. काऊन थांबले?"

"असंच जी. पोटरी धरते जराशी."

"चप्पल काढा."

आई म्हणाली, "भाऊजी!" पण मोठेबाबा खाली बसले होते. त्यांनी भावी व्याह्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि दोन बोटं ठेवून डोळे मिटले. पोहे निवत होते. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी मला बोलावलं. "बाई, तू पाहून सांग. मले नाई सापडून राह्यली."

मी बशी खाली ठेवली, पदर सावरला आणि बसले. नागपूरहून आल्यापासून मी घरच्या सगळ्यांच्या, शेजाऱ्यांच्या, गुरुजींच्या पायांच्या नाड्या बघितल्या होत्या. आता मला ठाऊक होतं कुठे शोधायचं. पाय थंड होता. मी दोनदा पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "उजव्यात आहे, डाव्यात नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवा. आणि घट्ट मोजे कुणी सांगितले तरी घालू नका."

मंडळी चहा न घेता उठली. आठवड्यानं निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण आम्हाला घराणं जरा वेगळं वाटलं. आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही, स्टोव्हवर कसंबसं केलं. बाबा म्हणाले, खाटा सरळ करून ठेवल्या असत्या तर जमलं असतं.

चैत्रात ते गृहस्थ एकटेच आले. मी दार उघडलं तर मान खाली घालून उभे. "ब्रह्मपुरीले दाखवलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हन्ते, कोनं पाह्यली तुमची नाडी, अगोदर त्याचे पाय धरा. मले म्हनून राह्यले चाला, चाला. एकट्यानं चालवत नाई, बाई. भाऊ आहेत का घरी?"

मोठेबाबा चप्पल घालूनच बाहेर आले. तेव्हापासून ते गृहस्थ दर बाजाराला यायचे आणि दोघं सोबत चालायला जायचे. दीडशे पावलांची दोनशे झाली, मग चारशे. एकाची डावी पोटरी धरायची, दुसऱ्याची उजवी, आणि दोघांची एकाच वेळी धरत नसे, म्हणून आधी एक थांबायचा, दुसरा त्याच्यासाठी थांबायचा, मग उलट. बाबा तोवर घरी पाय वर करून पडलेले असत. पुढे त्यांच्या शिरांचंही ऑपरेशन झालं आणि त्यांनी सलूनमध्ये बसून दाढी करायची एक उंच तिवई बनवून घेतली.

दुसऱ्या वर्षी त्या गृहस्थांच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. पत्रिका द्यायला ते स्वतः आले. आई म्हणाली, जायची गरज नाही. मोठेबाबा म्हणाले, मित्राच्या पोराचं लग्न आहे. मग आम्ही सगळेच गेलो. सकाळची वरात होती, बॅन्ड होता, आणि वरात नेहमी जशी चालते तशीच चालली, शंभर पावलं पुढे, मग नाचासाठी थांबायचं, पुन्हा शंभर पावलं. नवरदेवाचे वडील आणि मोठेबाबा सगळ्यात पुढे होते. कधी एक थांबे, कधी दुसरा, आणि ते थांबले की बॅन्डवाले समजायचे इथे वाजवायचं आहे, आणि पोरं नाचायला लागायची. लग्नाचा मुहूर्त टळायची वेळ आली. भटजी मांडवातून ओरडून राहिले होते. मी मागून बघत होते. दोघं म्हातारे रस्त्याच्या मधोमध शांत उभे, एकमेकांच्या पोटरीकडे बघत, आणि त्यांच्याभोवती सगळं गाव नाचत होतं.